खोलीहून थंड

येरमाळा
२४ मार्च २०२५

ती. श्रीशैलमामांस,
उमादेवीचा साष्टांग नमस्कार.

कंबरेचं ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून अंगणापर्यंत जाता, असं महेश्वरीनं कळवलं. बरं वाटलं. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही. मग तुमची लेक मधे बसून प्रत्येक वाक्य मोठ्यानं सांगत बसते. म्हणून ई-मेल करते आहे. तुम्ही बजावल्याप्रमाणे पत्रासारखाच लिहिते, तुकडे पाठवत नाही.

काम असं, की लग्नात तुम्ही जोडून दिलेला कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय. मध्येच पडदा काळा होतो, परत सुरू करावा लागतो. दिवसातून तीन-चार वेळा. कन्नड शेतीच्या व्हिडिओंना मराठी ओळी लावायचं माझं काम चालू आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. चाळीस व्हिडिओ तीस एप्रिलच्या आत द्यायचेत, एकोणीस झालेत. परवा अर्ध्या तासाचं काम पुसून गेलं.

तुम्ही बसवून दिलेल्या त्या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघितलं. एकोणतीस अंश दाखवतो. म्हणजे तापून बंद पडत नसणार. मग कशानं?

इथल्या दुकानात नेता येत नाही. तुम्हीच काय ते सांगा. लवकर सांगा.

तुमची,
उमा

*

हुबळी
२६ मार्च २०२५

चि. उमा हिस अनेक आशीर्वाद.

एकोणतीस हा आकडा खोटा आहे. असा आकडा येऊच शकत नाही.

आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवलं. यंत्राला पंखा असतो, बर्फ नसतो. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळं चालू यंत्र खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही, झालं तर थोडं गरमच होतं. तुझ्या माडीवरच्या खोलीला पत्रा आहे आणि खिडकी पश्चिमेला. तिथली वायर मीच ओढली, घामानं सदरा दोनदा पिळला. मार्चअखेर दुपारी ती खोली अडतीसच्या खाली नसणार. मग कॉम्प्युटर पंचेचाळीस-पन्नास दाखवायला हवा.

म्हणजे तापमान मोजणारा भाग चुकतोय. यंत्र आतून भाजतंय आणि पडद्यावर गारवा दाखवतंय. म्हणून ते जीव वाचवायला स्वतःच बंद पडतं. हा प्रकार धोक्याचा आहे, हलक्यात घेऊ नकोस.

आता मी सांगतो ते कर. सुरू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, निळा पडदा येईल. तिथं यंत्र स्वतः मोजलेलं तापमान लिहितं, त्यात मधल्या प्रोग्रामचा हात नसतो. ते उतरून घे. मग दुसरा एखादा प्रोग्राम टाकून त्याचाही आकडा घे. बंद करून, वायर काढून, बाजूचं झाकण उघड आणि पंख्याखालच्या जाळीला बोट लाव. बोट खोटं बोलत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळचे आकडे लिहून पाठव. नक्की किती वाजता बंद पडतो, तेही.

महांतेशरावांना नमस्कार. तुझ्या सासऱ्यांची, शरणबसप्पांची, शुगर कशी आहे?

मामा

*

येरमाळा
३१ मार्च २०२५

ती. मामांस सा. न.

चार दिवस तुम्ही सांगितलं तसं केलं. आकडे देते.

सकाळी सातला सत्तावीस. दुपारी दोनला तीस. संध्याकाळी सहाला एकोणतीस. दुसऱ्या प्रोग्राममध्येही तेच, एखाद्या अंशाचा फरक. निळ्या पडद्यावर तेहेतीस. झाकण उघडून बोट लावलं, जाळी कोमट पण नव्हती. धूळ ब्रशनं काढली, फारशी नव्हतीच.

बंद पडायच्या वेळा: सकाळी दहा, मग साडेअकरा, अडीच, चार. चार-पाच मिनिटं इकडं-तिकडं, पण वेळा ठरल्यासारख्याच. बंद पडायच्या आधी दिवा जरा मंद होतो. हे महत्त्वाचं आहे का?

एकवीस व्हिडिओ झाले. तीन दिवसांत दोन झाले तरच जमेल आणि तेवढे होत नाहीत. कॉम्प्युटर चालू असला की मी पडद्याकडं कमी आणि घड्याळाकडं जास्त बघते.

घरी सगळे बरे आहेत.

उमा

*

हुबळी
२ एप्रिल २०२५

चि. उमा,

तुझे आकडे कालपासून शर्टाच्या खिशात घेऊन बसलोय. महेश्वरी म्हणते, अप्पा, जेवा तरी.

तीन ठिकाणी जवळपास एकच आकडा आला, म्हणजे प्रोग्राम चुकत नाही, मोजणारा मूळ भागच गेला. बोटाला कोमट लागलं नाही, याचा अर्थ जाळी आणि चिपमधला लेप सुकला. खालची उष्णता वर येतच नाही, चिप आत जळतेय. तो लेप चार वर्षांत सुकतोच. नवा लेप लागेपर्यंत कॉम्प्युटर लावू नकोस. आग लागल्याची उदाहरणं मी बघितलीत.

मी इथं खुर्चीत अडकलेला. तू एकटीनं झाकण उघडून लेप लावण्यापेक्षा घरात दुसरं माणूस असलेलं बरं, म्हणून महांतेशरावांनाही ई-मेल केला आहे. खोलीत थर्मामीटर लावून तिथलं तापमान आणि कॉम्प्युटरचा आकडा, दोन्ही कळवा म्हणून विनंती केली. ते दुकानातून वेळ काढतील.

मामा

*

येरमाळा
६ एप्रिल २०२५

श्री. श्रीशैल मामांना,
शरणु शरणार्थी.

आपला ई-मेल मिळाला. उशीर झाला, माफी असावी. चैत्रातली येडाईची यात्रा आठवड्यावर आल्यानं घरात पाहुण्यांची गडबड आहे. उमादेवी स्वयंपाकघरातून बाहेर पडत नाही, म्हणून मीच लिहितो.

आपण सांगितल्याप्रमाणे माडीवर जाऊन बघितलं. खोलीत दुपारी एक्केचाळीस अंश. कॉम्प्युटरवर बासष्ट दाखवतो, जास्त वेळ चालला तर पासष्ट. मला तरी त्यात बिघाड दिसला नाही. तो बंदही पडत नाही. उमादेवीला सवय नसल्यानं तिचं काही तरी चुकत असेल. तिला उगाच काळजी करायची सवय आहे, आपण जाणताच.

तब्येतीस जपावं. वडिलांचा नमस्कार.

आपला,
महांतेश

*

हुबळी
८ एप्रिल २०२५

चि. उमा,

महांतेशरावांनी खोलीत एक्केचाळीस आणि कॉम्प्युटर बासष्ट कळवलं. हे आकडे बरोबर वाटतात. अशा खोलीत असं यंत्र एवढंच तापतं. मीही हेच गृहीत धरलं होतं.

मग तू मला काय पाठवत होतीस? रागावू नकोस, पण आकडा उतरताना माणूस चुकतो, माझे विद्यार्थीही चुकायचे. पंख्याचा वेग तापमान समजून लिहिलास का? का अजून कुठला रकाना वाचलास?

माझी झोप उडाली आहे. एकाच यंत्राचे एकाच आठवड्यात दोन आकडे, एक तीस आणि एक बासष्ट. दोघंही प्रामाणिक माणसं. मला शिक्षक म्हणून हे सहन होत नाही.

एक कर. बाजूच्या झाकणाच्या आतून मी माझ्या हातानं एक कागद चिकटवला होता. त्यावर काय लिहिलंय, ते उतरून पाठव. मधला मजकूर नेमका हवा. महांतेशरावांनाही हेच विचारलं आहे. म्हणजे दोघं एकाच डब्याविषयी बोलताय की नाही, एवढं तरी कळेल.

मामा

*

१० एप्रिल २०२५

मामा,

कागदावर आधी तुमचा कन्नड आशीर्वाद, मग बाकीचं असं आहे: "शुभवागलि. १२ फेब्रुवारी २०२१. धूळ दर सहा महिन्यांनी. रागाच्या भरात बटण दाबू नये."

ह्यांना कॉम्प्युटरविषयी पुन्हा लिहू नका. हात जोडून सांगते. का ते विचारू नका. मी रकाना चुकीचा वाचत नाही.

उमा

*

हुबळी
१३ एप्रिल २०२५

उमा,

महांतेशरावांचं उत्तर काल आलं. झाकणाचे स्क्रू गंजलेत, उघडत नाहीत, असं लिहितात. ते स्क्रू हातानं फिरवायचे आहेत, त्यांना पेचकसही लागत नाही. तू ते उघडून, कागद वाचून, परत लावलेसुद्धा.

आज सकाळपासून मी तुझे सगळे ई-मेल परत वाचले. शेवटच्या ई-मेलवर तू गावाचं नाव घातलं नाहीस. दिवा मंद होतो म्हणालीस. तुझ्या माडीला मी मीटरपासून वेगळी वायर ओढली होती, खालच्या बोअरच्या मोटरचा त्या दिव्यावर काही परिणाम होत नाही. ती मोटर मी स्वतः चालू-बंद करून बघितली होती. दुकानात नेता येत नाही, असंही पहिल्याच ई-मेलमध्ये होतं. मी ते वाचलं आणि पुढं गेलो.

तुझा मोजणारा भाग ठीक आहे. निळा पडदा ठीक, बोट ठीक. तीस अंश खरे आहेत. चुकली ती माझी खोली. मी धरून चाललो होतो, की कॉम्प्युटर त्या खोलीत आहे.

मार्चअखेरीस जिथं दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असतील, अशी खोली आपल्या भागात कुणाच्या घरी आहे, ते मला सुचत नाही.

तू कुठं आहेस? कशी आहेस, ते आधी लिही. कुठं आहेस ते नाही सांगितलंस तरी चालेल.

मामा

*

येडशी
१५ एप्रिल २०२५

ती. मामांस,

आता गावाचं नाव घातलं आहे. मी येडशीत आहे, तीन मार्चपासून.

डी.एड.ला माझ्याबरोबर चैताली होती, तुम्ही तिला एकदा बघितलंय. ती इथं शाळेत शिकवते. तिची आई चांगुणाबाई तुतीचं रान सांभाळतात आणि रेशमाच्या अळ्या पाळतात. अळ्यांना पंचवीस-सव्वीस अंशच लागतात, त्याच्यावर गेलं की पाला खात नाहीत. म्हणून त्या घराला दोन मोठे कूलर आहेत, खिडक्यांना ओली पोती आहेत. शेजारची छोटी खोली मला दिली आहे, मधल्या झरोक्यातून तोच गारवा येतो. तुमचं गणित बरोबर होतं, मामा. मी खोली खोटी सांगितली, बाकी एकही आकडा खोटा नव्हता.

चांगुणाबाईंच्या ताटात जेवते आणि त्यांच्या माठातलं पाणी पिते. त्यावरून कुणाला काही वाटलं तर त्यांनी ते आपल्याशी ठेवावं, तुम्हालाही तेच सांगते.

आता का ते लिहिते. दोन दिवस लिहायला बसते आणि उठते, आज लिहूनच उठणार आहे.

माझं काम ह्यांना आवडत नव्हतं. आधी हसायचे. मग पाहुणे आले की कॉम्प्युटरवर चादर टाकायचे. मागच्या वर्षी मे महिन्यात एकदा मी काम संपवून खाली येते म्हणाले, तर ते म्हणाले, "एवढी आवडती खोली, तर बस तिथंच." बाहेरून कडी लावली आणि दुकानात गेले. दुपारचा दीड वाजला होता. साडेचारला उघडली. पत्रा डोक्यावर. पाण्याचा तांब्या अर्धा होता. मी ओला पदर डोक्यावर घेऊन टेबलाखाली बसले. संध्याकाळी ते जेवताना नेहमीसारखं बोलले, लोणचं वाढ म्हणाले. मग असं परत झालं आणि परत झालं. किती वेळा ते मोजलं नाही. थंडीत वाटलं, संपलं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं आणि कडी परत लागली.

मी तुम्हाला तेव्हाच लिहिलं होतं. मागच्या मे महिन्यातलं पत्र काढून बघा. "खोली लई तापते, दार बंद असलं की जीव घाबरा होतो," असं लिहिलं होतं. तुम्ही एक्झॉस्ट पंखा बसवायचं चित्र काढून पाठवलं. पंख्याचं माप सुद्धा लिहिलं. त्यानंतर मला दुसरं पत्र लिहायचं बळ आलं नाही. लग्न तुम्ही जमवलं होतं, आई गेल्यावर तुम्हीच सगळं केलं होतं. तुम्हाला काय म्हणायचं?

तीन मार्चला सगळे लातूरला लग्नाला गेले. चैतालीचा भाऊ बुद्धघोष जीप घेऊन आला. कॉम्प्युटर आणि चार साड्या घेतल्या. माझी सगळी प्रमाणपत्रं ह्यांच्या कपाटात आहेत, कुलूप होतं.

तेवीस व्हिडिओ झालेत. कॉम्प्युटर अजून बंद पडतो.

उमा

*

हुबळी
१६ एप्रिल २०२५

उमा,

पत्र काढलं. माझं उत्तर पण काढलं, त्याची प्रत मी ठेवतो. पंख्याचं माप बारा इंच लिहिलंय.

बंद पडण्याचं कारण: दोन कूलर आणि त्यांना पाणी भरणारी मोटर एकाच वायरवर असणार. ते एकदम सुरू झाले की विजेचा दाब घसरतो, दिवा मंद होतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो. यंत्रात बिघाड नाही. कूलर-मोटर सुरू करायच्या वेळा आणि तुझ्या बंद पडायच्या वेळा जुळवून बघ. येडशीत किंवा धाराशिवला चांगल्या दुकानातून बॅटरीवाला यूपीएस घे आणि कॉम्प्युटर त्याच्यावर लाव. तोवर कूलर सुरू करायच्या आधी चांगुणाबाईंनी तुला हाक मारावी.

बाकीचं मी पत्रात लिहू शकत नाही.

मामा

*

बार्शी
२३ एप्रिल २०२५

चि. उमा,

लॉजवरून लिहितो आहे. महेश्वरी गाडी घेऊन सोबत आहे. काल आम्ही येरमाळ्याला गेलो होतो. तुला न विचारता गेलो, हे आधी कबूल करतो. तू कुठं आहेस ते मी कुणाला सांगितलं नाही, महेश्वरीनंही नाही.

साडेबाराला पोचलो. शरणबसप्पा ओट्यावर होते. म्हणाले, उमा पाहुण्यांकडं गेलीय, संध्याकाळी येईल. मी म्हणालो, थांबतो, माडीवरच्या खोलीत थांबतो. महांतेशराव दुकानातून धावत आले. म्हणाले, "मामा, तिथं गरम होतं."

मी विचारलं, "किती?"

ते जिन्यातून बाजूला झाले.

सोळा पायऱ्या चढलो. महेश्वरीनं मागून कंबर धरली होती. वर टेबल रिकामं. कॉम्प्युटर होता तिथं चौकोनी जागा तेवढी स्वच्छ, बाकी धूळ. मी थर्मामीटर ठेवला. चव्वेचाळीस.

शरणबसप्पाही वर आले होते. मी त्यांना म्हणालो, "अप्पा, बसा माझ्याजवळ." ते बसले. मग महांतेशरावांना म्हणालो, "बाहेरून कडी लावा." ते दारात उभेच राहिले, हात उचलेना. शेवटी महेश्वरीनं लावली. मीच तिला तसं सांगून ठेवलं होतं.

आम्ही दोघं म्हातारे आत बसलो. पाचव्या मिनिटाला मला समोरची भिंत हलल्यासारखी वाटली. अकराव्या मिनिटाला शरणबसप्पांनी उठून दार वाजवलं. बाहेर आल्यावर जिन्यात बसून म्हणाले, "मला ठाऊक न्हवतं, श्रीशैलअण्णा."

मी म्हणालो, "मला ठाऊक असायला पाहिजे होतं. मला तिनं लिहिलं होतं."

महांतेशराव खाली मान घालून म्हणाले, "एकदाच लावली होती कडी. रागात."

तुझ्या सासूबाई, नागम्माबाई, जिन्याखाली स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सात वेळा." मग आत गेल्या, कपाटाची किल्ली आणून महेश्वरीच्या हातात ठेवली. त्यांच्या मुलानं काही तरी म्हटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

तुझी प्रमाणपत्रं माझ्याजवळ आहेत. डी.एड.चं, दहावीचं, बारावीचं, जन्माचा दाखला. तुझ्या आईचा फोटो कपाटात होता, तोही आणला.

तुला परत जा म्हणायला मी येत नाही. वकील पाहिजे असेल तर सोलापुरात माझा विद्यार्थी आहे, तेही तू ठरव. येडशी इथून तासाभराच्या आत. उद्या सकाळी येऊ का, एवढं कळव.

मामा

*

येडशी
२३ एप्रिल २०२५, संध्याकाळ

ती. मामांस,

तुमचं पत्र आधी मी वाचलं, मग चैतालीनं, मग चांगुणाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. "सात" आल्यावर त्यांनी परत वाचायला लावलं. मी कडी लावलेल्या दुपारी ओरडत नव्हते, मामा. खाली कुणाला कळत नसेल असंच मला वाटायचं. सासूबाई खाली बसून मोजत होत्या, हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाही. रागवावं की काय करावं, ते समजत नाही. दोनदा तुतीच्या रानात जाऊन आले.

उद्या येऊ नका.

अळ्या कात टाकायच्या शेवटच्या झोपेतून उठल्यात, आठवडाभर त्या दिवसरात्र खातील. या दिवसांत चांगुणाबाई बाहेरचं माणूस आवारात घेत नाहीत, रोग येतो म्हणून. हे खरं कारण आहे. पण ते नसतं तरी मी उद्या नकोच म्हणाले असते. तुम्ही त्या खोलीत जाऊन बसलात, ते मी वाचलं आणि रडले. तरी माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तो घेऊन तुमच्यासमोर बसले तर मी गप्प बसेन आणि तुम्ही कॉम्प्युटर उघडून बघाल. ते मला नको आहे.

एकतीस व्हिडिओ झाले. यूपीएस आणला, कॉम्प्युटर बंद पडत नाही. तीस तारखेला काम पाठवते. एक मेला या. सकाळी या, जेवून जा. महेश्वरीलाही आणा. प्रमाणपत्रं तोवर तुमच्याजवळ राहू द्या, फोटो मात्र उन्हात गाडीत ठेवू नका.

आल्यावर मी बोलेन. तुमच्या कानाशी बसून, मोठ्यानं, मी स्वतः बोलेन. तोवर मधे सात दिवस आहेत. बार्शीत खोली आहे, तर थांबा. मी वर्षभर थांबले होते.

तुमची,
उमादेवी